वरच्या दाताची स्थळपाहणी

मास्तरांना "हो" म्हणायची भीती वाटायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं.

"नाही" म्हणताना एवढं काही व्हायचं नाही. "हो" म्हणताना मात्र तोंड गोल व्हायचं, त्या गोलातून हवा आत शिरायची, आणि वरच्या उजव्या बाजूच्या दातांतून अशी सणक निघायची की डोळ्यांत पाणी. त्यामुळे आठवडाभर मास्तर सगळ्यांना नाहीच म्हणत होते. बायकोने विचारलं, "अहो, चहा टाकू?" नाही. साहेबांनी विचारलं, "झालं का काम?" नाही. काम झालेलं होतं. पण ते सांगायला तोंड उघडायला लागलं असतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हां. ते एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसायचे. आलेलं टपाल वहीत चढवायचं, गेलेलं उतरवायचं. वय बत्तीस. मास्तर हे नाव पडलं अक्षरामुळे. लहानपणी हस्ताक्षराच्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तेव्हापासून ते दुसऱ्याचं लिहिलेलं काहीही सरळ मनाने वाचू शकत नसत. कुणाची वेलांटी चुकली की ते लाल पेनाने दुरुस्त करत. एकदा साहेबांची केली होती. पुढचं वर्ष त्यांनी खिडकी नसलेल्या कोपऱ्यात काढलं.

त्यांच्या अक्षरातही त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे द. हा द त्यांनी स्वतः घडवला होता. वर एक छोटी गाठ, मग पोटाला झोकदार वळण, खाली शेपटी, आणि त्या शेपटीतूनच पुढचा काना हळूच वर उचललेला. बघणारा थांबलाच पाहिजे असा द. थांबायचेही लोक. का थांबतात हे मास्तरांनी कधी विचारलं नाही.

असो. दाताचं बघू.

बायकोला आठवा महिना चालू होता. ती स्वतः उठताना भिंतीला धरून उठायची, पण तिनेच मास्तरांना ढकलत दंतवैद्याकडे पाठवलं. "मला दोन लहान मुलं एकदम नकोत," म्हणाली. "एक रडतंय तेवढं पुरे."

दंतवैद्य बाई तरुण होत्या आणि भरभर बोलायच्या. त्यांनी दातावर हवेचा एक बारीक झोत सोडला. मास्तर खुर्चीतून वीतभर वर गेले आणि परत खाली आले.

"ब्रश जोरात करता?"

मास्तरांनी अभिमानाने मान हलवली. घासायचं तर घासायचं.

"तेच झालंय. वरचं कठीण आवरण हिरडीपाशी झिजलंय, आतला थर उघडा पडलाय. त्या थरात हजारो बारीक नळ्या असतात, सरळ आतल्या नसेपर्यंत जाणाऱ्या. गार लागलं की त्यांतलं पाणी हलतं आणि नस ओरडते."

"मग नस काढायची?" मास्तरांनी ओठ न उघडता विचारलं. ते "मग मस काढायची" असं ऐकू आलं.

"छे हो! नळ्या बुजवायच्या. खनिजाचा लेप देते. दात ज्या खनिजाचा असतो त्याच जातीचं. ते नळ्यांत जाऊन बसतं, घट्ट होतं, तोंडं बंद. तीन वेळा यावं लागेल. लेप दिल्यावर अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. आणि तो ब्रश फेका आधी, त्याने मी घरचा ओटाही घासणार नाही."

एवढं सोपं. इथे कुणीही शहाणा माणूस लेप लावून घेऊन घरी गेला असता. पण कार्यालयाचा नियम होता की विशेष उपचारासाठी आधी परवानगी काढायची. आणि मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर अनुभवकाका होते.

अनुभवकाका सेवानिवृत्तीला टेकलेले. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू व्हायचं आणि दुसऱ्याच्या नुकसानीत संपायचं. त्यांनी मास्तरांचा अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"माझा अनुभव सांगतो. असा अर्ज दोन वर्षं पडून राहील. 'डॉक्टर' काय लिहितोस? तज्ज्ञ लिही. तज्ज्ञ म्हटलं की साहेब घाबरतात. आणि नुसतं दुखतंय म्हणून कोण बघतं? पडण्याची शक्यता आहे म्हण."

"अहो, पण पडणार नाहीये."

"मग राहू दे दुखत."

मास्तरांनी नवा कागद घेतला. वरून पंखा, समोर उघडं दार, दातात सणक. एका हाताने गाल धरून त्यांनी लिहिलं. आणि खरं सांगायचं तर दुखत असताना त्यांचा द जास्तच झोकदार आला.

"विषय: वरच्या दाताला खनिज लेप देण्याबाबत. महोदय, वरच्या दाताला उजव्या बाजूस असंख्य बारीक छिद्रे पडली असून गार पाणी लागताच ते आतवर गेल्यासारखे होते व घरात कोणासही झोप नाही. तज्ज्ञांच्या मते खनिज लेप देऊन छिद्रे बुजवणे आवश्यक आहे. विलंब झाल्यास पडण्याची शक्यता आहे." खाली सही, आणि पत्ता म्हणून कार्यालयीन वसाहतीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या खोल्यांचा नंबर.

अर्ज मुख्य इमारतीत गेला. तिथल्या कुणीतरी तो उघडला, विषयावर थांबला, आणि वाचलं: वरच्या छताला.

पुढे सगळं बरोबरच होतं. छताला छिद्रं. पाणी आत. पडण्याची शक्यता. त्या माणसाला दोष देता येत नाही. उलट त्याने त्या कार्यालयात कुणी न दाखवलेली चपळाई दाखवली. पाचव्या दिवशी मास्तरांच्या दारावर नोटीस होती.

सदर निवासाचे छत धोकादायक असल्याचे निवासधारकाने स्वतः कळवल्यावरून पुढील शनिवारपर्यंत निवास रिकामे करावे. तात्पुरती सोय: मागची इमारत, चौथा मजला.

मागच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

मास्तरांनी नोटीस तीनदा वाचली. दुसऱ्या वेळी सवयीने "रिकामे"ची वेलांटी तपासली, ती बरोबर होती. दोन वर्षं खेटे घालून त्यांना तळमजला मिळाला होता. बायकोच्या डॉक्टरांनी जिने चढायला साफ मनाई केली होती. दोन पायऱ्या चढायच्या तर मास्तर तिचा दंड धरून चढवत. चार मजले! आणि समजा चढवलंच. मग अचानक कळा सुरू झाल्या तर खाली आणायचं कसं? खुर्चीत बसवून? खुर्ची धरायची कुणी? एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला अनुभवकाका? काकांनी पहिल्याच वळणावर अनुभव सांगायला खुर्ची खाली ठेवली असती.

बायकोने नोटीस वाचली आणि वर पाहिलं. "छताला काय झालंय?"

"काही नाही."

"मग तुम्ही का कळवलंत?"

"मी दात कळवला होता."

तिने नोटिशीची घडी घातली आणि हळूच म्हणाली, "तुमचा द ना?"

"माझ्या दला काही झालेलं नाही!" मास्तर ओरडले, आणि हवा आत गेल्यामुळे लगेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमारत शाखेचे इंजिनिअर आले. मध्यमवयीन, घामेजलेले, बगलेत फाइल, हातात छोटी हातोडी. आल्या आल्या स्टुलावर चढून त्यांनी छत ठोकायला घेतलं. टक. टक. टक. मास्तरांना प्रत्येक ठोका दातात लागत होता.

"साहेब, हे छत नाहीये, दात आहे," मास्तर म्हणाले.

इंजिनिअर ठोकायचे थांबले. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, परत खाली पाहिलं.

"म्हणजे अर्ज दाताचा होता. माझ्या दाताचा. हा बघा." मास्तरांनी ओठ बोटाने वर केला.

इंजिनिअर स्टुलावरून उतरले आणि फाइल उघडून अर्ज काढला. "हा छ आहे."

"द आहे."

"अहो, वर गाठ आहे याला."

"ती शोभेची आहे!"

इंजिनिअरांनी सुस्कारा सोडला. माणूस वाईट नव्हता. "हे बघा मास्तर, मला दिसतंय हो. मी काय आंधळा आहे? पण फाइलला दिसत नाही ना. आता अर्ज चुकीच्या शाखेत आला असं लिहायचं, तर चूक कुणाची ते लिहावं लागतं. ज्यांनी वाचलं ते माझ्या वरचे आहेत. आणि उद्या खरंच एखादा पोपडा वहिनींच्या अंगावर पडला, तर हाच कागद माझ्या नावाने वाचतील. पडण्याची शक्यता आहे असं स्वतः लिहून दिलंय तुम्ही. का लिहिलंत?"

मास्तरांना अनुभवकाकांचं नाव घ्यावंसं वाटलं. पण नाव घेऊन काय सांगणार, की शेजारच्याने सांगितलं म्हणून माझा दात पडतो?

"बरं, एक सांगा," इंजिनिअर अर्जावर बोट ठेवून म्हणाले, "फक्त गार पाण्यानेच होतं?"

मास्तरांनी मान हलवली.

"गरम पाण्याने नाही?"

"नाही."

"कमालीचं छत आहे." आणि मग स्वतःच दचकून, "दात, दात."

जाताना त्यांनी वरच्या मजल्यावरची पाण्याची तोटी बंद करायला लावली. खबरदारी म्हणून. वर राहायच्या वरच्या वहिनी, म्हणजे मुख्य लेखापालांची बायको. पाणी बंद झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला त्या डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली हजर.

"माझं न्हाणीघर गळतं म्हणून लिहून दिलंत? समोरासमोर बोलायची हिंमत नाही?"

"वहिनी, तसं नाही, तो माझा..."

"मी वाचलाय अर्ज, त्या इंजिनिअरने दाखवला. गार पाणी म्हणे! मी बारा महिने गरम पाण्याने आंघोळ करते, कुणालाही विचारा! आणि घरात कोणाला झोप नाही? मी पहाटे एक बादली उचलून दुसरीकडे ठेवते, तेवढ्याने झोप उडते तुमची?"

मास्तरांना तोंड उघडून सगळं सविस्तर सांगायचं होतं. पण दार उघडं होतं, वारा सरळ आत येत होता. ते तोंड घट्ट मिटून, गालावर हात ठेवून उभे राहिले.

"बघा, बघा. तोंड फिरवतायत!" वहिनी जिन्याकडे वळल्या. "एवढा ताठा? अन् तोही तळमजल्यावर राहून!"

मग मास्तर आरोग्य शाखेत गेले. तिथले म्हणाले, तुमच्या दाताचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, तर आम्ही दात आहे असं कसं लिहून देऊ? मुख्य इमारतीत गेले. तिथे म्हणाले, अर्ज मागे घेता येतो, पण मागे घ्यायचा अर्ज इमारत शाखेत द्या. इमारत शाखेत म्हणाले, धोकादायक छताची तक्रार मागे घेता येत नाही, ती सार्वजनिक हिताची असते. मास्तर जिथे जातील तिथे आपल्या अर्जाची झेरॉक्स सोबत न्यायचे आणि कारकुनासमोर धरायचे. "काय वाचता?" प्रत्येक जण थांबायचा. प्रत्येक जण म्हणायचा, "छताला." एक शिपाई तेवढा "घाताला" म्हणाला. त्याच्याशी मास्तर दहा मिनिटं भांडले.

अनुभवकाकांनी समजूत घातली. "माझा अनुभव सांगतो. चौथ्या मजल्यावर हवा छान असते."

हवा! मास्तरांनी नुसत्या कल्पनेने गाल धरला.

घरी बायकोने सामान बांधायला घेतलं नव्हतं. ती खाली वाकू शकत नव्हती आणि मास्तरांना काय बांधायचं ते कळत नव्हतं. बाळासाठी आणलेल्या दुपट्यांची घडी तेवढी ती पुन्हापुन्हा मोडून घालत होती. "तुम्ही परवानगीची वाट बघू नका," ती म्हणाली. "लेप लावून या. घर जायचं तर जाऊ दे, निदान तोंड उघडून बोलता तरी येईल."

मग मास्तर गेले. सोमवारी एकदा, बुधवारी एकदा, गुरुवारी संध्याकाळी एकदा. लेप, मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही, घरी रोज झोपायच्या आधी बोटाने थोडी पेस्ट लावून ठेवायची. काळजीने ते इतके पोखरले होते की दातात काय होतंय इकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी इंजिनिअर पुन्हा आले. आज चेहरा जरा उजळलेला. त्यांनी बराच विचार केलेला दिसत होता.

"मास्तर, एक वाट आहे. नियमात लिहिलंय की तक्रारीच्या जागेबद्दल शंका असेल तर स्थळपाहणी करावी. जागा दात आहे असं पाहणीत सिद्ध झालं, तर मी शाखा बदलीची शिफारस करतो. कुणाची चूक तेही लिहायला लागत नाही. साक्षीदार म्हणून वरच्या वहिनींना बोलावलंय."

वहिनी खुर्चीत आधीच बसल्या होत्या. पाच दिवस पाणी खालून भरून नेत होत्या, त्यामुळे साक्षीदार म्हणून चांगल्याच उत्सुक होत्या.

"गार पाणी आणा," इंजिनिअर म्हणाले. "अर्जात गार पाण्याचाच उल्लेख आहे."

बायकोने फ्रिजमधून बाटली काढली, पेल्यात बर्फाचे तीन खडे टाकले आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी पेल्याकडे पाहिलं. एरवी हा पेला त्यांना दुरून दाखवला असता तरी ते ओरडले असते. आज त्या पेल्यावर घर होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मोठा घोट घेऊन उजवीकडे धरला.

खोलीत सगळे वाट बघत होते.

मास्तरही वाट बघत होते.

काही झालं नाही.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. पाणी गार होतं. इतकंच. छान गार. महिनाभरात पहिल्यांदा त्यांना पाण्याची चव कळली, आणि त्याच क्षणी त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

"काय?" इंजिनिअरांनी विचारलं.

"आई गं!" मास्तर ओरडले.

"उशीर झाला मास्तर. गिळल्यावर ओरडलात."

"दोन घोट मजेत प्यायले," वहिनींनी साक्ष दिली. "मी बघत होते."

इंजिनिअरांनी जड हाताने पेन काढलं. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. "दातात दोष आढळला नाही, असंच लिहावं लागेल मला. म्हणजे राहतं छतच. उद्या दुपारपर्यंत खोल्या..."

"थांबा," बायको म्हणाली.

ती भिंतीला धरून उठली, कपाटापाशी गेली आणि दंतवैद्य बाईंनी गुरुवारी दिलेला कागद घेऊन आली. इंजिनिअरांनी तो हातात घेऊन मोठ्याने वाचला.

"वर उजवीकडे १४, १५, १६ या जागी छिद्रे आढळली. खनिज लेपाचे तीन हात दिले. हवा व गार पाणी लावून तपासले, त्रास पूर्ण थांबला. कठीण ब्रशने घासू नये. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणी."

इंजिनिअरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने इंजिनिअरांकडे पाहिलं. तिचा एक हात पोटावर होता.

"हे तर काम पूर्ण झाल्याचं पत्र आहे," इंजिनिअर सावकाश म्हणाले. "हे असताना मला ठोकाठोक करायला कशाला लावलंत? तक्रार, तज्ज्ञ, लेप, तपासणी, सगळं आहे की यात."

"पण साहेब," मास्तर म्हणाले, "ते माझ्या..."

बायकोने त्यांच्या पायावर पाय ठेवला. आठव्या महिन्यात माणसाचं वजन बरंच असतं.

"फक्त निवासधारकाने एक ओळ लिहून द्यायची," इंजिनिअरांनी कोरा कागद पुढे केला. "माझ्या अर्जातील छताचे काम झाले असून आता धोका नाही, जबाबदारी माझी. हाताने लिहा, म्हणजे मूळ अर्जाशी अक्षर जुळवता येईल."

मास्तरांनी पेन घेतलं. छताचे. म्हणजे त्यांनी स्वतःच्या हाताने कबूल करायचं, की तो द नव्हता. हस्ताक्षराच्या पहिल्या बक्षिसाने कबूल करायचं. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा उभ्या असलेल्या बायकोच्या सुजलेल्या पावलांकडे. मग खाली वाकले आणि मुद्दाम, अगदी शाळकरी वळणाचा, साधासुधा, कुणालाही कळेल असा छ काढला.

इंजिनिअरांनी तो कागद मूळ अर्जाशेजारी ठेवला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग समाधानाने मान हलवली.

"बघा. तोच छ."

मास्तर वाकून बघत राहिले. तोच होता.

इंजिनिअरांनी फाइल बांधली आणि खिडकीतून वरच्या मजल्याकडे हाक देऊन तोटी सोडायला सांगितलं. बायको पलंगावर बसली आणि तिने आठवड्याभराचा श्वास एकदम सोडला. वहिनी आंघोळीला पळाल्या. थोड्या वेळाने वर बादलीत धो धो पाणी पडायला लागलं.

मास्तर चार वर्षं त्या खोलीत राहत होते, पण त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता ते खुर्ची ओढून बरोबर मध्यभागी बसले आणि छताकडे बघायला लागले.

"अहो, आता काय बघताय?" बायकोने विचारलं. "सगळं झालं ना?"

"हो," मास्तर म्हणाले, तोंड चांगलं गोल करून, आणि नजर खाली न घेता. "पण जबाबदारी माझी लिहिलंय."